नाव सासऱ्याने सांगितले

मृत्युपत्र करायला माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला, असे मी माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत फार थोड्या वेळा पाहिले. बहुतेकांना बैलगाडीतून आणत. काहींना आणतही नसत. मलाच घरी बोलावत, आणि मी पोचेपर्यंत आत रडारड सुरू झालेली असे. मग घरातला कोणी जाणता माणूस माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारी, "तात्या, अंगठा अजून गरम हाय. काय करता येतंय का?" हा प्रश्न मला एकदा नव्हे, तीनदा विचारला गेला. विचारणारे तिघेही आपापल्या गावात सज्जन म्हणून ओळखले जात.

तालुक्याच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहिण्याचा धंदा मी केला. गावोगावचे लोक मला तात्या म्हणत. या धंद्यातल्या गमती दिवाळी अंकासाठी लिहून द्या, असे संपादकांनी कळवले आहे. गमती थोड्या आहेत, त्या सांगेन. उरलेले सांगताना मला राग येतो आणि तो झाकण्याचे कारण मला दिसत नाही. माणसे मरतात याचा राग नाही. ती मरणार हे सर्वांना ठाऊक असूनही घरात त्याविषयी एक वाक्य बोलले जात नाही, आणि त्या न बोललेल्या वाक्याची भरपाई नेहमी घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला करावी लागते, याचा राग आहे.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतले आहे. त्या वेळी कडेगावाकडची गावे सातारा जिल्ह्यात होती. सांगली, मिरज, जत ही वेगळी संस्थाने होती. त्याआधी मी साताऱ्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. लढाई सुरू झाल्यावर छापायला कागद मिळेना. साप्ताहिक आधी चार पानांवर आले, मग दोन पानांवर, आणि बंद पडले. मी तालुक्याला येऊन एक उतरते मेज, दौत, टाक आणि अंगठ्यासाठी शाईची गादी घेऊन बसलो. साप्ताहिकाच्या संपादकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहायचे नाही. आणि नाव ज्याच्या त्याच्या तोंडून घ्यायचे, शेजाऱ्याच्या तोंडून नाही. नाव चुकलेली बातमी ते फाडून टोपलीत टाकत, मग ती कितीही मोठी असो. दस्त लिहिणाऱ्याला याहून वेगळे शिक्षण लागत नाही.

मृत्युपत्राचा कायदा त्या वेळीही अवघड नव्हता. वडिलोपार्जित एकत्र जमीन मृत्युपत्राने देता येत नसे, कारण ती एकट्याची नसे. स्वतःच्या कमाईने घेतलेली देता येई. देणारा शुद्धीवर हवा. त्याने सही किंवा अंगठा करताना दोन साक्षीदारांनी पाहिलेले हवे, आणि त्यांनी त्याच्या देखत आपली सही करायला हवी. एवढेच. यातल्या प्रत्येक गोष्टीत लोक चुकत, आणि चुकत ते अडाणीपणाने नव्हे, भिडेने.

एका बागायतदाराचे उदाहरण देतो. ऊस करणारा, घरचे गुऱ्हाळ असलेला, चार माणसे ज्याचे ऐकतात असा हा माणूस. त्याला तीन मुलगे आणि एक विधवा मुलगी. मुलगी माहेरी राहून घरातल्या सर्वांचे करीत होती. म्हाताऱ्याने स्वतः मिळवलेल्या पैशांतून ओढ्याकाठचे एक शेत घेतले होते, ते त्याला मुलीला द्यायचे होते. दुसऱ्या एका लेखकाने त्याचे मृत्युपत्र लिहिले. मजकूर चोख होता. मी नंतर वाचला. म्हातारा पूर्ण शुद्धीवर होता. पण अंगठा झाला त्या दिवशी गावात गुऱ्हाळे चालू होती आणि साक्षीदार कामात होते. कामाच्या माणसाला उठवून आणायची भीड पडली, म्हणून दुसऱ्या दिवशी कागदच त्यांच्याकडे पाठवला. दोघांनी गुळाच्या काहिलीजवळ उभे राहून सह्या केल्या. म्हातारा वारला. मुलगे कोर्टात गेले. वकिलाने पहिल्या साक्षीदाराला विचारले, अंगठा उठवला तेव्हा तुम्ही तिथे होता का?

साक्षीदार सरळ माणूस होता. म्हणाला, "मी कसा असीन? मी गुळाला चाचणी बघत हुतो. पर अंगठा त्यांचाच हाय. त्यांनी मला सोता सांगितलं हुतं, लेकीला शेत दिऊन टाकतोय म्हणून."

"कधी सांगितलं?"

"आदल्या साली."

कोर्टात लोक हसले. मृत्युपत्र त्या हशातच संपले. मुलगी पुढे त्याच शेतात भावांच्या मजुरीवर भांगलणीला, तण काढायला, जात असे. साक्षीदाराने खोटे सांगितले असते तर तिला शेत मिळाले असते. मी खोट्याची शिफारस करीत नाही. गुळाची काहील एक दिवस दुसऱ्याच्या भरवशावर सोडली असती तर खोटे बोलण्याची गरजच पडली नसती, एवढे नोंदवतो.

सगळे नीट करणारा एक माणूस मला भेटला, आणि त्याने माझ्याकडून एक ओळही लिहून घेतली नाही. जतकडचा बिराप्पा. मेंढरे राखणारा, वय साठीच्या पुढे, घोंगडे खांद्यावर. बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचा. मेजासमोर उकिडवा बसून त्याने विचारले, "तीन पोरास्नी मेंढरं वाटून द्याची. कागुद लागतो काय?"

मी म्हणालो, "जनावर हातोहात देता येतं. कागद असला तर बरं."

"हौदु," तो म्हणाला, म्हणजे हो. मग थोडा विचार करून, "पर कागुद मेंढरू खातंय, तात्या. मागल्या साली तलाठ्याची पावती खाल्ली."

"मग कसं करणार?"

"केलंय की. गावाम्होरं मेंढरांच्या वाडग्यात पोरं हुबी केली. थोरल्याच्या वाट्याला उजव्या कानाला खाप, मधल्याच्याला डाव्या, धाकट्याच्याला दोनीकडं. पंचास्नी दावलं. बायकूच्या नावाची इगळी काढली, तिच्या हातनं खाप मारून घेतली. म्हनलं बघ बाई, मी मेल्यावर ह्यास्नी कान दाव, तोंड दावू नगंस."

"आणि तुला काही ठेवलंस की नाही?"

"बिनखापेची माजी. तवर पोरं भाकरी देत्यात."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

"हिकडं तुमच्यात कसं करत्यात बघावं म्हनलं," असे म्हणून तो मेजाभोवती बसलेल्या भांडणाऱ्या लोकांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि उठून गेला. जमीन अशी कान कापून वाटता येत नाही, हे खरे. पण बायकोला पंचांसमोर उभी करून तिच्या हाताने तिचा वाटा खुणवून घेणारा दुसरा नवरा मी तालुक्यात पाहिला नाही. वहीवर रेघ ओढता येणारे, दाराशी दोन बैलजोड्या असणारे, शाळा शिकलेले कितीतरी आले. त्यांच्या बायकांची नावे मला त्यांच्या तोंडून कधी ऐकू आली नाहीत.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. त्यातली चूक माझी आहे.

कडेगावाजवळच्या एका गावचा ज्ञानू हा पलटणीत नाईक होता. लग्नाआधी भरती झाला. भरतीच्या वेळी प्रत्येक शिपायाचा एक कागद तयार होई, त्याला शीटरोल म्हणत. शिपाई मेला तर पेन्शन कोणाला द्यायची, त्या वारसाचे नाव त्यात असे. ज्ञानूने, अठरा वर्षांच्या कोणत्याही मुलाने घातले असते तसे, वडिलांचे नाव घातले. पुढे लग्न झाले, मुलगी झाली. नाव तेच राहिले. ही चूक आमच्या भागात इतकी सर्रास होती की तिला कोणी चूक म्हणत नसे. मुलगा पलटणीत गेला म्हणजे बंदूक, बूट आणि पगार यांची चौकशी गाव करी. शीटरोलात कोण आहे, हे विचारणे अभद्र समजले जाई.

पलटण समुद्रापलीकडे जाणार असे कळल्यावर ज्ञानूच्या सुभेदाराने परेडवर सांगितले, की लग्न झालेल्यांनी वारस बदलून घ्या. ज्ञानू रजेवर आला तेव्हा तो अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला. एकटा आला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. बरोबर वडील होते. रावजी. ताठ, पांढऱ्या मिशा, पायांत नव्या वहाणा. बाजाराचा दिवस होता आणि माझ्यापुढे चारजण वाट पाहत होते.

मी अर्जाचा मायना लिहिला आणि ज्ञानूला विचारले, "बायकोचं नाव?"

त्याने खाली पाहिले. वडिलांच्या देखत बायकोचे नाव घ्यायचे नाही, ही रीत त्याच्या हाडात होती. तो घाटमाथ्यापलीकडची दुनिया पाहून आला होता, तोफा ओढून आला होता. त्याचे कान लाल झाले.

वाट पाहणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "अरं गड्या, जर्मनाला भीत न्हाईस आन् बायकूच्या नावाला भितोस व्हय रं?"

सगळे हसले. ज्ञानूही हसला. रावजी हसले नाहीत. ते म्हणाले, "चिंगूबाई. लिवा."

मी लिहिले. चिंगूबाई भ्रतार ज्ञानू. अर्ज वाचून दाखवला आणि ज्ञानूला विचारले, "बरोबर आहे?" त्याने वडिलांकडे पाहिले आणि मान हलवली. मी अंगठा घेतला. पुढच्या माणसाला बोलावले. चार दिवसांनी ज्ञानू मिरजेहून गाडीत बसून गेला आणि परत आला नाही.

चिंगू हे त्याच्या बायकोचे माहेरचे नाव होते. आमच्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याच्या हाताने नवे नाव लिहून घेतात, आणि त्या क्षणापासून जुने नाव मोडले असे मानतात. तिचे सासरचे नाव हौसाबाई. गावच्या कोणत्याही नोंदीत, कोणाच्याही तोंडात, सासरी ती हौसाच होती. रावजींनी त्या दिवशी मुद्दाम मोडलेले नाव सांगितले, की सोयरीक ठरवताना जे नाव ऐकले ते तोंडात आले, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पुरावा नसेल तर लिहू नये. नंतर त्यांनी काय केले, त्याचा मात्र पुरावा आहे. त्याखाली त्यांचा अंगठा आहे.

ज्ञानू पडल्याची तार आली. काही महिन्यांनी पलटणीच्या दप्तरातून मामलेदार कचेरीत चौकशीचा कागद आला. मयताची बायको चिंगूबाई हयात आहे का, ती मयताच्या घरी राहते का. कचेरीने तो गावच्या पाटलाकडे पाठवला. पाटलाने रावजींना विचारले आणि उत्तर लिहिले, की चिंगूबाई नावाची बाई रावजी यांच्या घरात नाही. खाली रावजींचा अंगठा. म्हणजे शीटरोलात नंतर घातलेले नाव रद्द, पहिले कायम. वारस रावजी.

वाचकाने ते उत्तर पुन्हा वाचावे. त्यात एकही शब्द खोटा नाही. मी साप्ताहिकात असताना असत्य बातम्या पुष्कळ पाहिल्या. इतकी निर्दोष आणि इतकी नीच ओळ एकही पाहिली नाही.

हे मला कळले ते गोदाक्का कासारणीमुळे. गोदाक्का बांगड्यांची पेटी घेऊन आसपासच्या गावांत फिरे आणि बाजाराच्या दिवशी कचेरीच्या कोपऱ्यावर बसे. एका बाजारी ती एका तरुण बाईला घेऊन माझ्यापुढे आली. बाईचे कपाळ मोकळे होते, हात रिकामे होते आणि कडेवर दोन वर्षांची मुलगी होती.

गोदाक्का म्हणाली, "हिच्याकडं आता माजं काय काम उरलं न्हाई, तात्या. हात रिकामा झाला. पर पाटलाच्या बायकूला बांगड्या भरताना मी ऐकलं, की हिचं नावच कागदात न्हाई म्हणत्यात. तुमी लिवलं हुतं न्हवं?"

मी बाईला नाव विचारले. "हौसाबाई."

"माहेरचं?"

तिने गोदाक्काकडे पाहिले. मग म्हणाली, "चिंगू."

मी टाक खाली ठेवला. ती मला दोष द्यायला आली नव्हती. तिला काय झाले तेच ठाऊक नव्हते. तिने विचारले, "त्यांनी माजं नाव घातलं न्हवतं का?"

"घातलं होतं," मी म्हणालो. "मी चुकीचं लिहिलं."

"तुमी कशापायी?"

मी तिला तिची स्थिती सांगितली. एकत्र घरातल्या विधवेला अन्नवस्त्राचा हक्क होता, पण तो मिळवायला दिवाणी कोर्टात जावे लागे. बायकांच्या बाजूने कायदे बदलत होते, पण ते आमच्या चावडीपर्यंत पोचले नव्हते. पेन्शन एकच अशी गोष्ट होती जी थेट तिच्या हातात पडली असती, जन्मभर, कोणाचा हात न लागता. ती गेली तर तिला त्या घरात सासऱ्याच्या मर्जीची मोलकरीण म्हणून राहायचे होते, आणि मर्जी संपली की मुलीला ठेवून माहेरी जायचे होते. ती म्हणाली, "पोरगी ठिऊन मी कुटं जात न्हाई." एवढेच. रडली नाही.

मी मामलेदारांना अर्ज दिला, की चिंगूबाई आणि हौसाबाई ही एकच बाई आहे. त्यांनी चौकशी चावडीत ठेवली. मी गेलो. सगळा गाव ते जाणत होता. त्या लग्नाचे जेवण सगळ्या गावाने जेवले होते. चावडीत पन्नासेक माणसे होती आणि एकाने तोंड उघडले नाही. लग्न लावणारे जोशी म्हणाले, सालाला इतकी लग्ने लावतो, कोणाचे नाव काय ठेवले ते कुठवर ध्यानात ठेवायचे. हौसाचा बाप माहेराहून आला होता. मामलेदारांनी त्याला विचारले, "तुमच्या मुलीचं नाव चिंगू होतं का?"

तो हात जोडून म्हणाला, "सायेब, लगीन करून दिली. आता त्यांची लेक. त्यांनी सांगावं."

मला त्या माणसाचा जितका राग आला तितका रावजींचाही आला नाही. पुढे समजले, की मुलीला सासरीच राहायचे असल्यामुळे व्याह्याला दुखवू नये, असा त्याचा हिशेब होता. भिडेला आमच्याकडे नेहमी असा काहीतरी शहाणा हिशेब सापडतो.

रावजी उभे राहिले. आवाज चढवला नाही. "सायेब, चिंगू तिच्या बापाच्या घरी ऱ्हायली. लग्नात नाव मोडलं. माज्या घरात हौसा आली. पाटलानं इचारलं चिंगू हाय का, मी न्हाई म्हनलं. ह्यात खोटं काय?"

मामलेदार म्हणाले, "बाई एकच ना, रावजी?"

"ते कागदाला इचारा. पोरगं माजं, पगार घराचा. मी त्याला वाडवला, मी भरतीला धाडला. सून आज हाय, उद्या पाट लावून जाईल. घरानं काय करायचं?"

चावडीतल्या काही माना हलल्या. तेव्हा दाराबाहेरून गोदाक्का म्हणाली, "सायेब, मी बोलू का? मी ह्या गावची न्हवं. मला इथं कुणाची सोयरीक न्हाई."

मामलेदारांनी तिला आत बोलावले. ती पेटीसकट आली.

"ही पाच वर्साची असल्यापासनं मी हिला माहेरात बांगड्या भरते. तवा ती चिंगू. लग्नाचा चुडा म्याच भरला. फुडं हिकडं आले तर म्हणाले ही हौसा. नाव बदलतंय, सायेब. हात बदलत न्हाई. सव्वादोनची बांगडी, डाव्या मनगटाचं हाड जरा वर. अंगठ्याखाली इळ्याची खूण हाय, ती न्हानपणी गवत कापताना लागलेली. म्याच हळद दाबली हुती." मग ती रावजींकडे वळली. "आवं आण्णा, लग्नात चुड्याचं पैसं तुमीच दिलं न्हवं मला? मग ते कुणाच्या हाताचं दिलं, सांगा की सायेबास्नी."

कोणीतरी हसले. रावजी खाली बसले.

मामलेदारांनी हौसाबाईला पुढे बोलावून खूण पाहिली आणि जबाब लिहून घेतला. मग माझा जबाब. मी सांगितले, की नाव मी अर्जदाराच्या तोंडून घेतले नाही, त्याच्या वडिलांच्या तोंडून घेतले. त्यांनी विचारले, "का?"

"बाजाराचा दिवस होता. घाई होती."

त्यांनी माझे उत्तर जसेच्या तसे लिहिले. माझ्या आयुष्यात माझ्याविषयी लिहिली गेलेली ती सर्वांत अचूक ओळ असावी.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली. वारसाविषयी कोणताही कागद असो, लिहून घेणाऱ्याखेरीज सर्वांना उठवायचे. बाप असो, भाऊ असो, पाटील असो. मग त्याला विचारायचे: कोणाला द्यायचे आहे, तिला तू घरात काय म्हणतोस, लोक काय म्हणतात, माहेरी काय म्हणत, गावच्या दप्तरात काय आहे. सगळी नावे लिहायची. त्यावरून माझ्याशी भांडणे झाली. "तात्या लेकराला बापाम्होरं बसू देत न्हाई" असे म्हणून काही गावांनी दुसरा लेखक धरला. त्यांच्या कागदांचे पुढे काय झाले ते कोर्टाच्या बोर्डावर वाचायला मिळे.

हौसाबाईच्या चौकशीचा कागद वर गेला. वर म्हणजे कोठे, हे आम्हाला नीट माहीत नव्हते. पावसाळा गेला, सुगी गेली. बाजाराला गोदाक्का आली की सांगे: हौसाला वेगळ्या ताटात वाढतात, पहाटे दळायला तीच, मोटेवर पाणी पाजायलाही तीच. एकदा रावजी स्वतः माझ्यासमोरून गेले आणि थांबून म्हणाले, "तात्या, तुमी माज्या घरात भांडान लावलं." मी म्हणालो, "नाव तुम्ही सांगितलं होतं." ते म्हणाले, "तुमी मला इचारलं हुतं." हे खरे होते.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तर आले. चिंगूबाई ऊर्फ हौसाबाई हीच मयताची बायको, पेन्शन तिला मंजूर. थकलेली सगळी रक्कम एकदम मिळायची होती आणि पुढची दरमहा, तालुक्याच्या खजिन्यातून, तिच्या अंगठ्यावर.

पहिल्या वेळी ती आली. मुलगी बोट धरून चालत होती. रावजी बरोबर होते. खजिन्याच्या खिडकीतून कारकुनाने रक्कम पुढे केली तेव्हा रावजींनी हात लांबवला. कारकून म्हणाला, "बाईंच्या हातात." तिने घेतली, पदरात बांधली, गाठ दोनदा मारली. मी माझ्या जागेवरून हे पाहिले आणि मला समाधान वाटले, हे कबूल करतो. एक चूक दुरुस्त झाली असे मी समजलो.

ते तिघे सरळ माझ्याकडे आले. रावजी म्हणाले, "एक कागद लिवायचा हाय. दर म्हैन्याला बाईमाणसानं एवढ्या लांब यायचं म्हंजी हाल. माज्या नावानं मुखत्यारपत्र करा. मी उचलून नेत जाईन. चालतंय म्हणाले खजिन्यात."

मी त्यांना उठवले. कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत जायला सांगितले. ते गेले, कारण माझी पद्धत त्यांना ठाऊक होती. मग मी हौसाबाईला सगळे सांगितले. मुखत्यारपत्र केले की पैसा रावजींच्या हातात पडेल. ते तिला देतील की नाही, हे कोणताही कागद पाहणार नाही. करायची सक्ती नाही. रावजींना नाही म्हणून मी सांगतो, तिने सांगायचीही गरज नाही. इथे भाड्याने खोली मिळेल, मुलीला शाळेत घालता येईल, पेन्शन दोघींना पुरेल. मी बराच वेळ बोललो. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण मुलगी आईच्या मागे लपली.

हौसाबाईने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "ही मोठी झाली की हिचं लगीन कुणी करायचं?"

मी तिच्या मागे लपलेल्या मुलीकडे पाहिले.

"बिनबापाची पोर, भाड्याच्या खोलीतली. कोण करील? आजाच्या दारातनं निघाली तर कायतरी हुईल. तात्या, तुमी माज्यासाठनी लय केलं. पर कागदात मला ऱ्हायचं न्हाई. त्या घरात ऱ्हायचंय." मग ती म्हणाली, "लिवा."

ती शुद्धीवर होती. सक्ती करणारे कोणी जवळ नव्हते. तिच्या म्हणण्यात मला एकही चूक काढता आली नाही. मी लिहिले. चिंगूबाई ऊर्फ हौसाबाई भ्रतार कैलासवासी ज्ञानू. दोन्ही नावे तिच्याच तोंडून घेतली. मुखत्यारपत्र मनात येईल त्या दिवशी रद्द करता येईल, असे एक कलम घातले आणि ते तिला दोनदा वाचून दाखवले. दोन साक्षीदार बोलावले, समोर उभे केले आणि अंगठा होताना बघा म्हणून सांगितले. त्यांनी पाहिले. ती पाहत असताना त्यांनी सह्या केल्या. तिचा अंगठा स्वच्छ उठला. रेषा मोजता आल्या असत्या. त्यानंतर ती खजिन्यावर पुन्हा आली नाही. दर महिन्याला रावजी येत, आणि ते वारल्यावर त्यांचा थोरला मुलगा, ज्ञानूचा भाऊ, नवे मुखत्यारपत्र घेऊन येऊ लागला.

माझ्या हातून लिहिला गेलेला तो सर्वांत बिनचूक दस्त आहे. त्यावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.